दुधाच्या गाडीचं छप्पर

९ जून १९५१, शनिवार

मिळाला! ट्रक मिळाला — आणि तोही शंभर पावलांवर! आठवडाभर मी तुलेअरी परगण्यातले सगळे भंगारवाले पालथे घालतोय, आणि हा पठ्ठ्या ज्या गोठ्यात मी झोपतो त्याच्याच मागे, अक्रोडाच्या झाडाखाली उभा! फोर्ड, १९३१ सालचा, छोटा. मागे दुधाचे कॅन ठेवायच्या फळ्या. आत सहा कोंबड्या.

गोठा तियाचा. खरं नाव इदालिना तोस्ते, पण इथली पोर्तुगीज मंडळी मावशीला तिया म्हणतात, आणि ही सगळ्या गावाचीच तिया. साठीला टेकलेली, विधवा, उंचीनं माझ्या कोपराला लागते. गाई विकल्या, दोनच ठेवल्यात. मी पीच तोडायला आलो तेव्हा गोठ्यात जागा दिली, बदल्यात धारा काढायच्या.

धार काढतानाच विचारलं, "तिया, तो ट्रक देता का मला?"

"काय करणार त्याचं?"

"हॉट रॉड. म्हणजे नको ते सगळं काढून टाकायचं, मोठं इंजिन बसवायचं, गाडी बुटकी करायची आणि सुक्या तळ्यावर नेऊन पळवायची."

"किती पळेल?"

"ताशी शंभर मैल."

बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "पंधरा वर्षं मी त्यातून दूध नेलं डेअरीत. पंचवीसच्या वर एकदा गेले नाही. कॅनमध्ये लोणी निघतं!" आणि जाता जाता, पाठमोरीच — "घे. पण मीही हात लावणार."

लावा म्हटलं. म्हातारी काय करणार, फडकी धुवून देईल.

१० जून

कोंबड्या हलवल्या. एक बोटाला टोचली, एक कानाला. कानाला कशी पोचली देव जाणे.

१४ जून

गावात रॉस्को टीलकडे गेलो. त्याचं रेडिएटरचं दुकान आहे आणि तो इथल्या हॉट रॉडवाल्यांच्या क्लबचा म्होरक्या. क्लबचं नाव 'धुकं' — हिवाळ्यात ह्या खोऱ्यात असं धुकं पडतं की स्वतःचा हात दिसत नाही, त्यावरून. मला क्लबात यायचंय म्हटलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं (वेळ लागतो, मी सहा फूट तीन इंच आहे).

"नियम एकच. तळ्यावर शंभर ओलांडायचे. वेगाची चिठ्ठी मिळते, चिठ्ठी दाखव, क्लबची पाटी घेऊन जा. शेवटची शर्यत चार नोव्हेंबर."

"येतो," म्हटलं.

"तुझ्यासारखे दर साली येतात रे. अर्धी गाडी बांधतात आणि फुर्रर्र! माझ्या दुकानामागं तीन अर्ध्या पडल्यात. तुझीही आणून टाक."

लागलं मला ते. कारण खरं आहे. शाळा आठवीत सोडली. स्टॉकटनला एक होडी अर्धी रंगवून आलो. युमाला एक मुलगी अर्धी पटवून आलो. पायाला भिंगरी, दुसरं काय! बावीस वर्षांत एक गोष्ट पुरी केली असं माझ्याच्यानं सांगवत नाही.

ही पुरी करणार. चार नोव्हेंबर. चिठ्ठीवर लिहिलेलं असेल — वेंडल गॅस्किन, शंभर. मग खुशाल ओरेगनला जाईन. तिथं म्हणे सामन मासे हातानं धरता येतात.

२६ जून

इंजिन आलं! एका लाँड्रीची गाडी कालव्यात गेली होती, तिचं. आठ सिलिंडर! अक्रोडाच्या जाड फांदीला साखळी टाकून उचललं. फांदी अशी करकरली की मी डोळे मिटले. तिया खालून ओरडते, "डोळे मिटून साखळी ओढतात का रे खांबा?" तिनं माझं नाव खांब ठेवलंय.

पण आजची खरी बातमी ही नाही. इंजिन बसवायचे कान चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडत होतो, गॅसच्या टॉर्चनं. वेल्डिंग म्हणजे कोंबड्यांनी करून ठेवलंय असं दिसत होतं. तिया आली, पाहिलं, नाक मुरडलं. माझ्या हातातून टॉर्च घेतली, माझाच चष्मा डोळ्यांवर चढवला आणि अशी रेघ ओढली — अशी! ब्लाउजच्या काठाची शिवण असते ना, तशी.

माझं तोंड उघडंच. "कुठं शिकलात?"

"लढाईत तीन वर्षं रिचमंडच्या गोदीत जहाजं जोडली. गाई दिरावर सोपवून गेले होते. जोडलेलं एकही बुडालं नाही अजून. माझ्या बाजूनं तरी नाही."

आता फडकी मी धुणार!

५ जुलै

नुसतं ऊन. टॉर्च धरवत नाही. पाट काढून तियाच्या कलिंगडांना पाणी दिलं आणि एक खाल्लं. दोन खाल्ली.

१९ जुलै

आज माप! छप्पर खाली आणायचं म्हणजे केबिनचे चारी खांब मधून कापायचे, प्रत्येकातून एक तुकडा काढून टाकायचा आणि वरचं खाली बसवून परत जोडायचं. वारा कमी लागतो. आणि दिसते कशी! हॅट डोळ्यांवर ओढलेल्या माणसासारखी.

पण किती कापायचं? जास्त कापलं की संपलं, परत चिकटवता येत नाही. सीट काढलेली होती म्हणून द्राक्षांची पेटी ठेवून तिच्यावर बसलो. तळ्यावर हेल्मेट लागतं, ते अजून आलेलं नाही, म्हणून डोक्यावर तियाचं सूपचं पातेलं घातलं! तिया बाहेरून फूटपट्टी घेऊन. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी. "थांब, हलू नको, गाजर राहिलंय आत!" खरंच राहिलं होतं.

चार इंच. चार इंच कापलं की पातेल्यावर बोटभर जागा उरते. खडूनं चारी खांबांवर रेघा मारल्या. दोनदा मोजलं. जन्मात पहिल्यांदा काही दोनदा मोजलं असेल!

मग तिया म्हणाली, "मी बसू जरा?" बसली. पाय लोंबकळत. चाक दोन्ही हातांनी धरून समोर बघत बसली, बराच वेळ. समोर काय, कोंबड्या. मी म्हटलं, "डेअरीला निघालात का?"

उद्या ऑक्सिजनचा सिलिंडर भरून आणायचा. मग कापाकापी. दोघांनी मिळून!

२५ जुलै

कसं सांगू. सिलिंडर भरायला टाकला आणि वेळ होता म्हणून जरा विमानं बघायला गेलो. कापसावर औषध फवारणारी, छोटी. तिथल्या वैमानिकाला शेतात झेंडा धरायला माणूस हवा होता. झेंडा धरायचा, विमान अंगावर येतं, सरळ अंगावर! आणि शेवटच्या क्षणी वर जातं. मग दुसऱ्या ओळीत जाऊन उभं राहायचं. एक दिवस म्हणता म्हणता चार झाले. सिलिंडर शेजाऱ्याच्या गाडीतून तियाकडे धाडला, एवढी तरी अक्कल होती.

शेवटच्या दिवशी त्यानं मला वर नेलं. सगळं खोरं दिसलं. तियाचा अक्रोडही दिसला. त्याच्याखाली निळी ठिणगी लुकलुकत होती! ती एकटीच करतेय!

२६ जुलै

आलो. झालं होतं सगळं. कापून, बसवून, जोडून, कानशीसुद्धा मारलेली. रेघ बोटाला लागत नाही.

देखणी! मला वाटलं होतं त्याहून बुटकी, त्याहून देखणी. सगळ्या बाजूंनी फिरलो, मग पुन्हा उलटा फिरलो.

"थांबायला हवं होतं माझ्यासाठी," म्हटलं, पण हळूच. झेंडे मिरवत फिरणाऱ्यानं कुठल्या तोंडानं बोलायचं?

"किती थांबणार? तू येशील की नाही हेही ठाऊक नव्हतं," तिया म्हणाली. चिडून नाही, नुसतीच. ते जास्त लागलं.

कापलेले चार तुकडे नीट पुसून स्वयंपाकघरात ठेवलेत. एकाचा खिडकीला टेकू केलाय. काही टाकून देत नाही बाई.

१२ ऑगस्ट

काचा बसल्या. मापं तियानंच काचवाल्याला दिली होती, तंतोतंत आल्या. समोरची काच आता पत्र टाकायच्या पेटीच्या फटीएवढी.

तियाचा दीर जर्वासियो आला, रविवारचा गोड पाव घेऊन. काळी टोपी, काळी मिशी, काळं तोंड. गाडीभोवती एक चक्कर मारली.

"माझ्या भावाची गाडी!"

"माझी. त्याला कुठं चालवता येत होती? दूध मीच नेत होते."

"लोक काय म्हणतील, वहिनी? ह्या वयात त्या उनाड पोराबरोबर..."

"लोक म्हणतील, वहिनीची रेघ सरळ येते. पाव इथं ठेव आणि ती पकड दे जरा."

दिली! आणि संध्याकाळपर्यंत तो बंपर घासत बसला होता. स्वतःच्या रुमालानं!

८ सप्टेंबर

चालू झालं! इंजिन चालू झालं!! पहिल्यांदा खोकलं, मग शिंकलं, मग अशी डरकाळी की दोन्ही गाई कुंपण तोडून कालव्यापलीकडे गेल्या. गाई धरायला तीन तास. तिया चिखलात गुडघाभर, आणि तिथूनही कान देऊन ऐकत होती. "उजवीकडचं एक चुकतंय," म्हणाली. चुकतच होतं!

१४ ऑक्टोबर, रविवार

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

रंग झाला — सायीसारखा पांढरा. सीट बसवली. हेल्मेट आलं, रॉस्कोनं क्लबातलं उसनं दिलं. तीन आठवडे हातात, सगळं तयार. मी आत शिरलो. बसलो. हेल्मेट घातलं.

घातलं म्हणजे, घालता आलं नाही. मान खांद्यावर पाडली तरी डोकं छपराला लागतं. पुढं वाकलो तर चाक दातांत. हेल्मेट न घालता सरळ बसलो तरी केस छपराला घासतात. आणि हेल्मेटशिवाय तळ्यावर सोडत नाहीत.

पेटी! ती मेली द्राक्षांची पेटी! पेटी सीटपेक्षा बुटकी असणार. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा चुकीच्या पेटीवर!

तिया दाराशी उभी होती. म्हटलं, "माफ करा तिया, माप चुकलं माझं. सगळी मेहनत घालवली तुमची."

"होतं असं, पोरा," म्हणाली. एवढंच. आणि घरात गेली.

१६ ऑक्टोबर

सीट काढली, घोंगडी टाकून तळावर बसलो. डोकं बसतं! पण गुडघे कानाशी येतात आणि चाक फिरतच नाही. कोळ्यासारखा दिसत होतो. छप्पर परत चढवायचं तर महिना जाईल.

पुन्हा माफी मागितली. "होतं असं, पोरा." माझ्या ताटात दोन सॉसेज जास्त वाढले. तीन.

१८ ऑक्टोबर

झोळी भरली. ओरेगनचा नकाशा काढला. रॉस्कोच्या दुकानामागं चौथी.

नकाशा परत घडी घालून ठेवला. ती पांढरी गाडी झाडाखाली उभी आहे, हॅट डोळ्यांवर ओढून. तिच्या देखत निघवेना.

२० ऑक्टोबर

सुचलं!! मला सुचलं! सकाळी धार काढताना, गाईच्या कुशीला डोकं टेकलेलं असताना. बादली तशीच टाकून पळालो.

"तिया! तुम्ही बसता! तुम्ही मापात बसता! तुम्ही चालवा!"

ती कणीक मळत होती. हात थांबले. "मी? ह्या वयात? नाही रे बाबा."

"अहो पंधरा वर्षं तुम्हीच चालवलीय ही!"

"पंचवीसनं."

"चाक तेच, रस्ता सरळ, वळण नाही, फक्त दाबायचं!"

बराच वेळ नाही-नाही केलं तिनं. चार-पाच वेळा. मग कणकेचे हात पुसले आणि म्हणाली, "तू एवढं म्हणतोस तर."

चिठ्ठीवर माझं नाव येणार नाही. कळतं मला. चालवतो त्याचं येतं. पण गाडी पुरी होईल. अर्धी राहणार नाही. हे चालेल का मला? रात्रभर विचारीन — नको, आत्ताच सांगतो. चालेल.

पाय पोचत नाहीत तिचे पेडलला. लाकडी ठोकळे बांधायला हवेत म्हटलं तर गोठ्यातून दोन घेऊन आली. घासलेले, भोकं पाडलेले, बरोब्बर मापाचे. "कुठं मिळाले?" "पडलेले होते."

२७ ऑक्टोबर

गावात रॉस्कोला सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. "अरे, आजीबाई चालवणार? पोरं हसतील मला!"

तिया माझ्या मागं उभी होती, त्याला दिसली नव्हती (मी तेवढा उंच). पुढं येऊन म्हणाली, "नियमांची वही काढ रे."

काढली. तिनं चष्मा लावून सगळी वाचली, बोट फिरवत. हेल्मेट पाहिजे. पट्टा पाहिजे. ब्रेक पाहिजेत. "बाई नको असं कुठं लिहिलंय? दाखव."

रॉस्कोनं वही उलटसुलट केली. मग मला म्हणाला, "ही कुठून मिळाली तुला?"

"धारा काढायला ठेवलंय मला," म्हटलं.

५ नोव्हेंबर, सोमवार सकाळ

काल!! काल काल काल!

पहाटे जर्वासियोच्या ट्रकला बांधून नेली, डोंगर ओलांडून, मोहावीच्या वाळवंटात. तळं म्हणजे काय सांगू — भाजलेल्या भाकरीसारखी जमीन, पांढरी, भेगाळलेली, नजर पोचेपर्यंत सपाट. चाळीस गाड्या. पोरं तियाकडे बघून एकमेकांना कोपरानं ढोसतायत. एक म्हणाला, "आजी, दूध इथं कोणी घेत नाही!" तिया म्हणाली, "तू अजून पितोस असं दिसतंय." मग पोरं त्यालाच हसली.

डोक्याला रुमाल घट्ट बांधून वर हेल्मेट. आत शिरली. अशी बसली, अशी — शिंप्याकडून शिवून घेतल्यासारखी गाडी!

मी शेवटच्या खुणेपाशी जाऊन उभा राहिलो. आधी नुसती धूळ, मग आवाज, मग पांढरा ठिपका... गेली. टेलिफोनच्या तारेवरून आकडा आला — सत्त्याण्णव.

सत्त्याण्णव! फक्त दोन धावा देतात. एक गेली. पळत तिच्याकडे गेलो. ती चाकावर हात ठेवून बसलेली.

"काय झालं? इंजिन चुकलं?"

"नाही रे. मध्ये एक उंचवटा आहे. तिथं पाय आपोआप उचलला." खाली बघत म्हणाली, "दूध हिंदकळेल म्हणून."

पंधरा वर्षांची सवय! मी खिडकीतून आत डोकं घातलं — घालता येईल तेवढं — आणि म्हटलं, "तिया. कॅन नाहीत मागं. वळून बघा. काही नाही."

तिनं खरंच वळून पाहिलं. फळ्यासुद्धा आम्हीच काढल्या होत्या.

दुसऱ्या धावेला मी शेवटी उभा राहिलोच नाही. त्या उंचवट्यापाशी गेलो, बाजूला, आणि ती आली तेव्हा हात वर करून बोंबललो, "कॅन रिकामे! कॅन रिकामे!" ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण जर्वासियोही माझ्याशेजारी येऊन बोंबलायला लागला, काळी टोपी हवेत फेकून! आणि गाडी उंचवट्यावर आली, चारी चाकं जमिनीवरून उठल्यासारखी वाटली, आवाज कमी झाला नाही. झाला नाही! वाढला!

एकशे तीन.

एकशे तीन!!! मी तिथंच बसलो, मातीत. रडलो की हसलो आठवत नाही. जर्वासियो रडला, ते आठवतंय. स्वतः चालवली असती तर ह्याहून जास्त काय वाटलं असतं? खरंच विचारतोय. मला वाटत नाही काही.

रॉस्को चिठ्ठी लिहायला लागला. 'चालक' पुढं इदालिना तोस्ते. मग तियानं त्याच्या हातातली पेन्सिल धरली. "बांधणारा कुठं लिहितोस?"

"त्याला जागा नाही ह्यात."

"मग कर."

त्यानं केली. खाली रेघ मारून लिहिलं — बांधणारे, वेंडल गॅस्किन आणि तीच.

७ नोव्हेंबर

पाटी मागच्या बंपरला लावली. ॲल्युमिनियमची, 'धुकं' लिहिलेली. तिया त्याच गाडीतून पीठ आणायला गेली. दहा मिनिटांचा रस्ता, चार मिनिटांत परत.

झोळी अजून भरलेलीच आहे. ओरेगन. जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "जर्वासियोच्या बागेत एक मोठा ट्रक पडलाय. एकोणीसशे पस्तीसचा. केबिन उंच आहे. तुझ्या मापाची बांधू."

"नको तिया. माझं माप चुकतं."

"होतं असं, पोरा."

सामन मासे हिवाळ्यात असतात का, कोणाला तरी विचारायला हवं.

११ नोव्हेंबर, रविवार

तिया चर्चला गेलीय. गाडीतून.

जायच्या आधी तिची खिडकी दुरुस्त करून जावी म्हटलं. टेकू काढला — खांबाचा तो तुकडा. तेवढ्याच लांबीचं लाकूड कापायचं म्हणून फूटपट्टी लावली.

साडेपाच इंच.

दुसरा तुकडा शोधला. साडेपाच. चारही. मग पळत जाऊन द्राक्षांची पेटी मोजली, सीट मोजली. सारखी! केसाचा फरक नाही!

मी चार आखले होते. दोनदा मोजून. आणि ते पेडलचे ठोकळे — 'पडलेले होते' म्हणे!

ऑक्टोबरपासून मी त्या बाईची अकरा वेळा माफी मागितली! अकरा! आणि ती दर वेळी माझ्याकडे बघून —

झोळी उपसली. जर्वासियोच्या बागेतला ट्रक बघायला निघालो. ह्या वेळी छप्पर मी कापणार.